परदेशी निघालेल्या सुनेचे दप्तर

तुळशीचे लग्न लागले की आमच्या शहरातील मंगलकार्यालयांची दारे जी उघडतात, ती ज्येष्ठ सरेपर्यंत काही मिटत नाहीत. या कार्यांपैकी पुष्कळ कार्यांत हल्ली एक गोष्ट हटकून आढळते. मुलगा टेक्सासात किंवा न्यू जर्सीत नोकरीस असतो, तीन आठवड्यांची रजा काढून येतो, बोहल्यावर चढतो आणि परत जातो. नवी सून मागाहून जाते. मग समर्थनगरात काय, ज्योतीनगरात काय, किंवा सिडकोतील एखाद्या लहानशा घरात काय, एकच धांदल उडते. भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, एक पैठणी, एक हिमरू शाल. हे सारे तराजूवर चढते आणि विमानकंपनीच्या वजनात बसेतोवर पुनःपुन्हा उतरते. या सर्व तयारीत एका विषयाची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. सुनेने सहज विचारलेच, तर वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘कागदपत्रांचे काय ते चिरंजीव पाहतील.’

या एका वाक्याविषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. चिरंजीव हुशार असतील, प्रेमळ असतील, आणि हिशेबात चोखही असतील. त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही. परंतु परदेशात, विशेषतः अमेरिकेत, नोकरदाराची पत्नी म्हणून जाणाऱ्या स्त्रीची स्थिती मोठी चमत्कारिक असते. तिला तेथे राहण्याचा जो हक्क मिळतो तो पतीच्या आधाराने. पण तिच्यावर जी जबाबदारी येते ती मात्र तिच्या स्वतःच्या नावाने व स्वतःच्या सहीने. हक्क परावलंबी आणि जबाबदारी स्वतंत्र, असा हा प्रकार आहे. ज्या कागदाखाली आपली सही आहे तो कागद आपण वाचलेला नाही, ही गोष्ट कोणाही सुशिक्षित स्त्रीस शोभणारी नाही, आणि परवडणारी तर मुळीच नाही.

आमच्या शहराचा जुना अनुभव

पतीच्या गावी जाताना सरहद्द ओलांडावी लागणे, हा अनुभव आमच्या शहरास नवा नाही. १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर पुणे व नाशिक ब्रिटिश अमलाखाली. पुण्याची मुलगी औरंगाबादेस दिली म्हणजे ती मनमाडपर्यंत एका राज्यात असे आणि पुढे दुसऱ्या राज्यात येई. येथे नाणे वेगळे, म्हणजे हाली शिक्का. दफ्तराची भाषा उर्दू. आणि येणाऱ्याजाणाऱ्या मालावर करोडगिरीची जकात. आजच्या आज्या-पणज्यांनी हे सर्व पाहिलेले आहे.

त्या काळी संस्थानात ‘मुल्की’ व ‘गैरमुल्की’ असा मोठा भेद असे, आणि सरकारी नोकरी मुल्कींसाठी राखलेली असे. १९१९ च्या मुल्की नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्या मनुष्यास मुल्की ठरावयास पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. परंतु त्याच नियमांत आणखी एक कलम होते : मुल्कीची जी पत्नी, ती मुल्की. म्हणजे पुण्याहून आलेल्या तिच्या भावास जेथे पंधरा वर्षे थांबावे लागले असते, तेथे ती स्वतः केवळ मंगळसूत्राच्या बळावर त्या राज्याची ठरे.

आज एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीस एच-४ व्हिसा मिळतो, तो याच जातीचा हक्क आहे. पती तेथे तोवर पत्नी तेथे. फरक इतकाच की निजामाच्या राज्यात आलेल्या त्या सुनेकडे कोणी वार्षिक उत्पन्नाचे पत्रक मागितले नाही, आणि आजच्या सुनेकडे ते दोन दोन सरकारे मागू शकतात.

नाव एक असावे

पहिली अडचण येते ती नावाची, आणि ती बहुधा आपल्याच घरात जन्म पावते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहावयाचे, ही आपल्याकडील हौसेची रीत. यमुनेची आनंदी झाली आणि तीच आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या वेळी अमेरिकेत आयकर नव्हता. तो घटनादुरुस्ती होऊन १९१३ पासून कायमचा सुरू झाला. आज तांदळातले नाव आधारावर चढते, पॅनवर माहेरचे राहते, बँकेत तिसरेच असते, आणि पासपोर्टावर ‘दिलेले नाव’ या रकान्यात मुलीचे व तिच्या वडिलांचे अशी दोन नावे शेजारी शेजारी छापलेली असतात. अमेरिकेचे यंत्र या दोहोंस मिळून एकच नाव समजते, किंवा वडिलांच्या नावास मधले नाव ठरविते. आणि एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरे पडले की पत्रव्यवहार सुरू होतो.

यावर आमचे सांगणे असे की, घरात हाक मारावयास वाटेल ते लाडके नाव ठेवावे. कागदावर मात्र एकच नाव असावे, आणि ते पासपोर्टावर आहे तेच असावे. विवाहानंतर पासपोर्टातील नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. पतिपत्नींची आडनावे निराळी असली तरी अमेरिकेत संयुक्त करपत्रक भरण्यास काही हरकत नसते. नाव बदलावयाचेच असेल तर ते प्रवासापूर्वी पुरेसा अवधी ठेवून सर्व ठिकाणी एकदम बदलावे. निम्मे माहेरचे व निम्मे सासरचे असे ठेवू नये.

आमच्या शहराच्या लेकींस याखेरीज आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्यामुळे जुन्या जन्मदाखल्यावर व शाळेच्या दाखल्यावर ‘औरंगाबाद’ आणि नव्या कागदांवर नवे नाव, असे दोन जन्मगाव एकाच मुलीस लाभतात. परदेशी अर्जात जन्मस्थान पासपोर्टात जसे छापले असेल तसेच लिहावे, आणि नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची एक प्रत जवळ बाळगावी. अर्ज तपासणाऱ्या परक्या कारकुनास आपला इतिहास ठाऊक नसतो. त्यास कागद दाखवावा लागतो.

विवाहाची नोंदणीही याच वेळी उरकावी. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे ही नोंद महानगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडे होते. वधूवर, पुरोहित व साक्षीदार यांच्या सह्या लागतात. लग्नपत्रिका, सप्तपदीची छायाचित्रे आणि नोंदणीचा दाखला हे तीन पुरावे एकत्र ठेवावे. दाखल्याच्या निदान तीन प्रमाणित प्रती घ्याव्या. एक बरोबर, एक सासरी, एक माहेरी.

नऊ अंकांचा क्रमांक

अमेरिकेत पाऊल ठेवले की दर खिडकीवर एक प्रश्न येतो : तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक काय? एच-४ वर आलेल्या पत्नीस काम करण्याची परवानगी नसल्यास हा क्रमांक सामान्यतः मिळत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून काही पत्नींस कामाची परवानगी मागता येते खरी, परंतु पतीच्या कायम निवासाचे प्रकरण एका ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचले असेल तरच. नव्या नवरीच्या वाट्यास ते लगेच क्वचितच येते.

मग तिच्यासाठी दुसरा एक क्रमांक आहे. त्यास तेथील लोक ‘आयटिन’ म्हणतात. नऊ अंकांचा, नऊ या अंकाने सुरू होणारा, आणि केवळ कराच्या कामापुरता. याने नोकरीची परवानगी मिळत नाही, की राहण्याचा हक्कही मिळत नाही. डब्ल्यू-७ नावाच्या अर्जावर तो मागावयाचा, आणि हा अर्ज सामान्यतः त्या वर्षाच्या करपत्रकास जोडूनच धाडावयाचा असतो. आधी क्रमांक घेऊ व मग पत्रक भरू, असे चालत नाही. अर्ज टेक्सासातील ऑस्टिन येथील कचेरीत जातो. निर्णयास साधारण सात आठवडे, आणि करपत्रकांच्या हंगामात नऊ ते अकरा आठवडेही लागतात.

या अर्जाबरोबर मूळ पासपोर्ट किंवा ज्या सरकारने तो दिला त्याने प्रमाणित केलेली प्रत लागते. येथे पुष्कळांच्या काळजात धस्स होते, आणि ते योग्यच आहे. परक्या देशात पासपोर्ट हाच आपला एकमेव साक्षीदार. तो टपालाने दोन महिने दूर धाडणे कोणास रुचेल? त्यास दोन सुरक्षित मार्ग आहेत. कर खात्याच्या काही स्थानिक मदत केंद्रांत वेळ ठरवून गेल्यास ते मूळ पासपोर्ट तेथल्या तेथे पाहून परत देतात. अथवा खात्याने नेमलेल्या अधिकृत मध्यस्थाकडून तपासणी करून घेता येते. हे दोन मार्ग असता मूळ पासपोर्ट पाकिटात घालू नये. नोटरीचा शिक्का मारलेली साधी प्रत या कामी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. क्रमांक मिळाल्यावर तो लागोपाठ तीन वर्षे कोणत्याही करपत्रकात वापरला गेला नाही, तर बाद होतो.

संयुक्त पत्रक : लाभ आणि भार

आता मुख्य विषयाकडे वळू. समजा, एक सून १ नोव्हेंबर २०२५ रोजी पतीकडे पोहोचली, आणि त्यापूर्वी ती कधी अमेरिकेस गेली नव्हती. अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असते. म्हणजे त्या वर्षी ती तेथे अवघे ६१ दिवस राहिली. तेथील कायदा दिवस मोजतो : चालू वर्षाचे सर्व दिवस, त्यामागील वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्याही मागील वर्षाचे एक षष्ठांश, त्यांची बेरीज १८३ भरली तर मनुष्य कर-रहिवासी. आमच्या सुनेचे ६१ च भरतात. सबब त्या वर्षापुरती ती तेथील रहिवासी नव्हे.

अशा वेळी पतीपुढे दोन वाटा असतात. एक, विवाहित परंतु विभक्त असे आपले एकट्याचे पत्रक भरणे. दुसरी, पत्नीलाही संपूर्ण वर्ष रहिवासी मानावे असे दोघांच्या सहीचे निवेदन जोडून संयुक्त पत्रक भरणे. २०२५ या करवर्षाकरिता सरसकट वजावट विभक्त पत्रकास १५,७५० डॉलर, तर संयुक्त पत्रकास ३१,५०० डॉलर आहे. पतीचे वरचे उत्पन्न बावीस टक्क्यांच्या थरात पडत असेल, तर केवळ या वजावटीनेच तीन हजारांहून अधिक डॉलर वाचतात. नव्या संसारास ही रक्कम लहान नव्हे. म्हणून बहुतेक दांपत्ये ही दुसरी वाट धरतात, आणि पुष्कळदा तीच शहाणपणाची असते.

परंतु या वाटेवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, त्या सही करण्यापूर्वी वाचल्या पाहिजेत.

पहिली ही की, निवेदन दिल्याबरोबर त्या वर्षातील दोघांचेही जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या हिशेबात येते. सून तेथे पोहोचण्यापूर्वीच्या महिन्यांचेसुद्धा. तिच्या नावाने येथे सहा लाखांची मुदत ठेव असून तिजवर सात टक्के व्याज असेल, तर वर्षाचे ४२,००० रुपये, म्हणजे पाचशे डॉलरच्या आतबाहेर, पत्रकात दाखवावे लागतात. लग्नापूर्वी ती येथे नोकरी करीत असेल तर तो पगारही. भारतात भरलेल्या कराची सूट मिळू शकते. पण दाखविणे चुकत नाही.

दुसरी ही की, हे निवेदन एकदा दिले म्हणजे पुढील वर्षांसही लागू राहते, आणि एकदा संपुष्टात आणले तर त्या दोघांपैकी कोणासही ते पुन्हा देता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संयुक्त पत्रकावर सही करणारे दोघेही त्यातील संपूर्ण कराबद्दल एकत्र व वेगवेगळे जबाबदार असतात. घरात मिळवता एकटा पती असला, आणि पत्नीने त्या वर्षी एक डॉलरही कमावला नसला, तरी पत्रकात काही लपविलेले निघाल्यास सरकार सर्व रक्कम तिच्याकडूनही मागू शकते. पुढे घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी आपोआप फिटत नाही. अजाण पत्नीस दिलासा देण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे. परंतु ‘मला ठाऊक नव्हते व ठाऊक असण्याचे कारणही नव्हते’ हे तिला सिद्ध करावे लागते. ज्या स्त्रीने अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे तिने असे सिद्ध करीत बसावे, त्यापेक्षा पत्रक सही करण्यापूर्वी तासभर वाचावे हे सोपे.

आणि वाचणे अवघडही नाही. पतीच्या नोकरीचे वार्षिक पगारपत्र समोर ठेवावे, त्यातील आकडा पत्रकातील आकड्याशी मिळतो की नाही ते पाहावे, बँकांची व्याजपत्रे जुळवावी, आणि जो आकडा समजला नाही त्याचा अर्थ पतीस विचारावा. यात अविश्वासाचा काही संबंध नाही. आपल्या सासूबाई वाण्याची वही महिनाअखेर तपासीत असत, त्यात वाण्याचा अपमान होत नसे.

येथील ठेवी आणि तेथील निवेदन

ज्या वर्षी सून दिवसांच्या मोजणीने तेथील रहिवासी ठरते त्या वर्षापासून आणखी एक निवेदन सुरू होते, आणि आमच्याकडील कुटुंबे नेमकी येथेच अडकतात. अमेरिकेबाहेरील सर्व बँक खात्यांतील शिल्लक एकत्र धरून वर्षातील कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या सर्व खात्यांची यादी तेथील अर्थखात्यास कळवावी लागते. हे करपत्रकाहून निराळे निवेदन आहे. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. यात कर भरावयाचा नसतो, केवळ सांगावयाचे असते.

दहा हजार डॉलर म्हणजे आपल्या हिशेबात फार नव्हेत. मुलीच्या नावाची मुदत ठेव, तिच्या पगाराचे जुने खाते, आणि आईने ‘असू दे दोघींचे’ म्हणून तिचे नाव घातलेले स्वतःचे खाते, एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडते. आईच्या खात्यात सर्व पैसा आईचाच असला तरी मुलीचे नाव आहे म्हणून पूर्ण शिल्लक मोजली जाते. शिवाय संयुक्त करपत्रक भरले म्हणजे हे निवेदनही संयुक्त झाले, अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नव्हे. जी खाती पत्नीच्या नावाची असून पतीच्या नावाची नाहीत, त्यांचे निवेदन तिने स्वतः द्यावयाचे. जाणूनबुजून नव्हे तर केवळ नजरचुकीने न दिल्यासही दंड दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. कायद्यात लिहिलेला हा आकडा महागाईच्या मानाने पुढे वाढलाही आहे. असा दंड दर खात्यामागे नसून दर वार्षिक निवेदनामागे आकारावा, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बिटनर खटल्यात दिला, एवढाच काय तो दिलासा.

सोन्याचे दागिने आणि स्वतःच्या नावावरील घर वा शेत ही खाती नव्हेत; ती या निवेदनात येत नाहीत. घराचे भाडे मात्र उत्पन्नात दाखवावे लागते. येथील म्युच्युअल फंडांचे अमेरिकेत फार किचकट हिशेब लागतात. त्यांविषयी निघण्यापूर्वीच जाणत्याचा सल्ला घ्यावा. वडिलांनी मुलीस मोठी रक्कम भेट दिली, आणि ती वर्षात १,००,००० डॉलरच्या वर गेली, तर कर नसला तरी तेही कळवावे लागते.

घरी मागे राहणाऱ्यांनी करावयाचे

आता येथील बाजू. आमची सून १ नोव्हेंबरला निघाली. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर असे २१४ दिवस ती भारतात होती. आपल्या आयकराच्या दृष्टीने १८२ दिवसांची अट पुरी झाल्याने त्या आर्थिक वर्षात ती येथील रहिवासीच राहते. परंतु परकीय चलनाचा १९९९ चा कायदा निराळे मोजमाप लावतो. अनिश्चित काळासाठी परदेशी वास्तव्यास गेलेली व्यक्ती त्या कायद्याने निघाल्यापासून अनिवासी. एकच बाई एका कायद्याने रहिवासी व दुसऱ्याने अनिवासी, हे ऐकून हसू येईल; पण बँकेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दुसरा कायदा.

सबब तिचे येथील बचत खाते ‘अनिवासी सामान्य’ म्हणजे एन.आर.ओ. खात्यात बदलून घेतले पाहिजे. आमच्याकडे पुष्कळ घरांच्या ठेवी नागरी सहकारी बँकांत व ओळखीच्या पतसंस्थांत असतात. सर्वच नागरी बँकांस अनिवासी खाते ठेवण्याची मुभा नसते, आणि पतसंस्थांस तर नसतेच. म्हणून ही चौकशी निघण्यापूर्वी करावी. एन.आर.ओ. खात्याच्या व्याजावर बँक तीस टक्के कर व वर उपकर कापते. अमेरिकेशी झालेल्या १९८९ च्या करारान्वये, तेथील रहिवासाचे प्रमाणपत्र सादर केल्यास, हा दर पंधरा टक्क्यांवर येऊ शकतो.

येथे मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांस आमची एक कळकळीची सूचना आहे. व्याजावर कर कापू नये म्हणून दरवर्षी एप्रिलात बँकेस जे घोषणापत्र देतात, ते केवळ रहिवाशांसाठी आहे. सून परदेशी गेल्यावर तिच्या नावाने ते भरून देणे, मग ते सासऱ्यांनी कितीही सद्हेतूने केलेले असो, खोटे निवेदन ठरते. तसेच, जुने भविष्य निर्वाह खाते म्हणजे पी.पी.एफ. मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. आणि अनिवासी व्यक्तीस वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. मराठवाड्यातील घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने १९६१ च्या कायद्यातील कलमांचे व अर्जांचे जुने क्रमांक पाठ असणाऱ्यांनीही यापुढे नव्याने पाहून घ्यावे.

मुखत्यारपत्राविषयी एक शब्द. सुनेच्या निघण्याच्या गडबडीत सर्वाधिकार देणारा एक कागद तिच्यापुढे सहीस ठेवण्याची चाल काही घरांत आहे. तो सासरचा असो वा माहेरचा, असा कागद देऊ नये व घेऊही नये. ज्या कामापुरता अधिकार हवा त्या कामाचे व त्या खात्याचे नाव घालून तेवढाच द्यावा. स्त्रीधन ही स्त्रीची संपूर्ण स्वतःची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभाराणी प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. दागिन्यांची वजनासह यादी, पावत्या व छायाचित्रे तिच्यापाशी असावी. आणि लॉकर दोघांच्या नावे असेल तर किल्ली कोणापाशी आहे हे तिला ठाऊक असावे.

अप्रिय, परंतु आवश्यक

मंगलकार्याच्या वेळी अमंगळ बोलू नये हे आम्ही जाणतो. तरीही एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. पतीची नोकरी गेली, तर सामान्यतः जास्तीत जास्त साठ दिवसांच्या अवधीत काही मार्ग काढावा लागतो, आणि तो अवधी पत्नीलाही तेवढाच. विवाह मोडला तर तिच्या एच-४ चा आधारच जातो. अशा वेळी जिच्या हाती स्वतःचा पासपोर्ट, विवाहाचा दाखला, प्रवेशनोंदीची प्रत व करपत्रकांच्या नकला आहेत तिची स्थिती, आणि जिचे सर्व कागद दुसऱ्याच्या कपाटात आहेत तिची स्थिती, यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. संयुक्त पत्रकाची नक्कल कर खात्याकडून मागण्याचा दोघांसही सारखा हक्क आहे. छळ सोसणाऱ्या एच-४ पत्नीस स्वतंत्रपणे कामाची परवानगी मागण्याची सोय तेथील कायद्यात आहे, आणि आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांविषयीचा विभाग २००९ पासून काम करीत आहे. शंभरांतील नव्व्याण्णव सुनांस यांपैकी कशाचीही गरज न पडो. परंतु छत्री घरात असणे म्हणजे पावसाला बोलावणे नव्हे.

दप्तरात काय असावे

सारांश, निघण्यापूर्वी एक दप्तर तयार करावे. त्यात पासपोर्टाची प्रत, विवाहाचा व जन्माचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रे, पॅन, येथील सर्व खात्यांची यादी व प्रत्येकाची वर्षअखेरची शिल्लक, गेल्या तीन वर्षांची येथील आयकर पत्रके, लग्नापूर्वीच्या नोकरीचे पगारपत्र आणि दागिन्यांची यादी, इतके असावे. तेथे पोहोचल्यावर प्रवेशाच्या नोंदीची प्रत काढून तीवरील तारीख पाहावी. तेथे किती दिवस राहता येईल हे त्या तारखेवर ठरते, व्हिसाच्या शिक्क्यावर नव्हे. घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत नवा पत्ता कळवावा. दरवर्षी १५ एप्रिलपूर्वी करपत्रक, त्याबरोबर खात्यांचे निवेदन, आणि येथील पत्रक असल्यास तेही. प्रत्येकाची एक नक्कल तिच्या दप्तरात. नियम दरवर्षी बदलतात व प्रत्येक घरची परिस्थिती निराळी असते, म्हणून पहिल्या वर्षी तरी दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या एखाद्या हिशेबनिसाची फी देण्यास कुचरू नये. आणि त्याच्यापुढे बसताना पतीबरोबर पत्नीनेही बसावे.

शेवटी घरातील वडील मंडळींस आमची विनंती एवढीच. सुनेची पेटी भरताना तिच्याबरोबर एक संध्याकाळ या कागदांपाशी बसा. कोणते खाते कोठे आहे, त्यात तिचे नाव का घातले, तिच्या माहेरून आलेली ठेव कोणाची, हे तिला मोकळेपणाने सांगा. लोणचे संपले तर दुसरी बरणी कोणी ना कोणी घेऊन जाईल. न वाचता केलेली सही मात्र परत आणता येत नाही.